शेंग हिरवी कापायची की पिकू द्यायची?

टिश्यू कल्चर म्हणजे केळी, एवढंच मला ठाऊक होतं. माझं सासर जळगाव जिल्ह्यातलं, रावेरकडचं. तिथे जी-नाईनची रोपं लॅबमधून येतात, दोन-चार दिवसांत सगळा मळा लागतो आणि घडही फारसे मागेपुढे न होता कापणीला येतात. व्यापाऱ्याचा ट्रक एकदाच बोलवायचा. ‘सगळी रोपं सारखी’ हे तिकडचं सर्वांत मोठं कौतुक. त्यामुळे बँकेतून निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात रानातल्या ऑर्किडवर काम चालतं आणि हौशी माणसांनाही हाताशी घेतात असं कळलं, तेव्हा माझ्या डोक्यात चित्र तयार होतं. एक सीतेची वेणी घ्यायची, तिचा तुकडा बाटलीत घालायचा, तशाच हजार वेण्या बाहेर काढायच्या आणि घाटात नेऊन बांधायच्या. झालं संवर्धन.

विभागातल्या मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “झाडं हजार होतील हो काकू, पण ती एकच असेल.” मी ते वहीत उतरवून घेतलं. अर्थ लागला नाही. पुढे कितीतरी दिवस माझं असंच चाललं होतं, आधी लिहायचं आणि मग कधीतरी समजायचं.

सीतेची वेणी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते, फक्त नाव माहीत नसतं. मे-जूनमध्ये आंब्या-फणसाच्या फांद्यांवरून पांढऱ्या, जांभळट ठिपक्यांच्या फुलांचे भरगच्च तुरे लोंबताना दिसतात, ती ही. आसाम आणि अरुणाचल प्रदेशाने तिला राज्यफूल केलंय. आपल्याकडे तिला बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकणारेही आहेत. ती झाडाचा रस पीत नाही, फक्त बसायला फांदी मागते. मुळं हवेत सोडते आणि पावसावर जगते. पण हे फणसाच्या मालकाला पटवणं सोपं नसतं. आमच्या नशिबाने कुडाळजवळच्या ज्या बागेतून आम्ही शेंगा आणतो, तिथल्या मामांना वेणीचं अप्रूप आहे. रानातून काही आणायचं तर वनखात्याची परवानगी लागते, म्हणून सुरुवात त्यांच्या बागेतून. पहिल्या खेपेलाच त्यांनी बजावलं, “बाय, सगळ्यो शेंगो काढू नको हां. झाडाक पण काय तरी ठेव.”

एकेका तुऱ्यावर फुलं ढिगाने, पण शेंगा धरतात मोजक्या. म्हणून परागीकरण हाताने करायचं. ऑर्किडचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात. त्यांचे मेणचट पिवळे गोळे असतात, दातकोरणीच्या टोकाने अलगद उचलता येतात. ते दुसऱ्या झाडावरच्या फुलाच्या चिकट खाचेत नेऊन टेकवायचे आणि देठाला चिठ्ठी बांधायची: आई कोण, बाप कोण, तारीख काय. चिठ्ठीचं काम माझ्याकडे आलं. दातकोरणीला हात स्थिर लागतो आणि माझा तो राहिलेला नाही.

शेंग तडकली की आतून जे बाहेर येतं त्याला बी म्हणायला जीभ रेटत नाही. ती धूळ असते. एका ग्रॅममध्ये लाखांनी मावते, आणि त्या कणात एक इवला गर्भ आणि भोवती जाळीदार पापुद्रा, बस. हरभऱ्याच्या, मक्याच्या दाण्यात रोपासाठी अन्न साठवलेलं असतं, इथे ते नाहीच. डार्विनने ऑर्किडवरच्या पुस्तकात एका युरोपीय जातीचा हिशेब केला होता. एका शेंगेत सुमारे ६,२०० बिया, झाडावर ३० शेंगा, म्हणजे सुमारे १,८६,००० बिया. सगळ्या रुजल्या, तर एका झाडाची पणतवंडंच पृथ्वीवरची जवळजवळ सगळी जमीन हिरवी झाकून टाकतील. मग तसं का होत नाही, याचं उत्तर त्याला सापडलं नव्हतं.

उत्तराची सुरुवात १८९९ मध्ये फ्रान्समध्ये झाली. नोएल बर्नार या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाला फॉन्तेनब्लोच्या जंगलात पालापाचोळ्याखाली गाडली गेलेली एक ऑर्किडची शेंग दिसली. तिच्यात बिया रुजलेल्या होत्या आणि प्रत्येक इवल्या रोपात बुरशीचे धागे शिरलेले होते. बी उपाशी असतं. योग्य ती बुरशी आत यायची, गर्भाने तिचे धागे पचवायचे, तेव्हा कुठे ते वाढायला लागतं. बर्नार १९११ मध्ये, चाळिशीही न गाठता गेला. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नुडसनने दाखवलं की बुरशी जे पुरवते ते साखर पुरवू शकते. निर्जंतुक बाटलीत, बुरशीशिवाय, त्याने बिया रुजवल्या. लोक म्हणाले, रुजतील, पण फुलणार नाहीत. १९३० मध्ये त्याने तसं फुललेलं झाडही दाखवलं.

इथे माझा गोंधळ शिगेला पोचला. रानात बुरशीशिवाय बी रुजत नाही, आणि लॅबमध्ये बाटलीत बुरशी दिसली की बाटली रद्द! मी एका मुलीला विचारलं. ती कागलची, पीएचडी करते आणि मला शिकवायची जबाबदारी तिच्यावर टाकलेली. ती म्हणाली, “ओ काकू, ती बुरशी वेगळी, ही वेगळी. ती पोसती, ही खाती.” हवेत भटकणाऱ्या बुरशीला साखरेचं माध्यम मिळालं की ती दोन-तीन दिवसांत बाटलीभर होते. ऑर्किडच्या बियांना फुगायलाच काही आठवडे लागतात. या शर्यतीत बी कधी जिंकत नाही. लॅबमधला सगळा सोवळेपणा त्यासाठी.

माध्यम बनवण्यात मात्र मी रमले. नुडसनच्या जुन्या कृतीत लिटरमागे २० ग्रॅम साखर, एक ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आणि बाकीचे क्षार मिलिग्रॅममध्ये. आम्ही बहुतेक वेळा मुराशिगे आणि स्कूग यांची १९६२ ची कृती निम्म्या ताकदीने वापरतो. ती मुळात तंबाखूसाठी बेतलेली. ऑर्किडला पूर्ण ताकदीचे क्षार जड जातात. त्यात आगर, पुढच्या टप्प्याला कोळशाची भुकटी, नारळाचं पाणी आणि कुस्करलेलं पिकलं केळं. केळ्याने इथेही माझी पाठ सोडली नाही. नारळाच्या पाण्यात पेशींना वाढायला लावणारी द्रव्यं असतात, हे मानलं. केळ्याने नेमकं काय होतं असं विचारल्यावर मात्र सगळे एकमेकांकडे पाहतात आणि ‘मुळं छान येतात’ म्हणतात. आम्लता जुळवायची, बाटल्यांत ओतायचं, आणि ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर, १५ पौंड दाबाखाली पंधरा-वीस मिनिटं.

मग लॅमिनारसमोर बसायचं. तिथे गाळलेली हवा सतत तुमच्या दिशेने वाहत असते. हात स्पिरिटने पुसलेले, चिमटे दिव्यावर लाल केलेले, आणि उघड्या बाटलीवरून हात न्यायचा नाही. हा शेवटचा नियम अंगवळणी पडायला सगळ्यात कठीण. पोळ्या लाटताना आपण ताटावरून हात नेतोच की. शेंग हिरवी असते, न फुटलेली. ती धुवायची, ब्लीचमध्ये बुडवायची, मग स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवरून फिरवायची. भुर्रकन पेटते आणि विझते. बाहेरचे जंतू मेले, आणि आत ते नव्हतेच, कारण बंद शेंगेचं पोट मुळात निर्जंतुक असतं. सुरीने उभी चिरली की आत ओलसर, पांढुरका कापूस. तो खरवडून माध्यमावर पसरायचा आणि झाकण लावायचं.

आठवडे जातात. मग पांढरं पिवळं होतं, पिवळं हिरवं होतं, आणि एके दिवशी बाटलीच्या तळाशी हिरव्या मोहरीचा थर दिसतो. पान नाही, मूळ नाही, नुसते गोळे, त्यांना बारीक केस. यांना प्रोटोकॉर्म म्हणतात. बी आणि रोप यांच्या मधली अशी एक अवस्था असते हे शाळेत कुणी सांगितलंच नव्हतं. पुढे शेंड्याला टोक फुटतं, त्याचं पान होतं, मग मुळं. गर्दी झाली की विरळणी करून नव्या बाटलीत. फूल पाहायला मात्र काही वर्षं थांबायचं.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. खरा पेच बी साठवायच्या वेळी आला. रोपं बाटलीत किती वर्षं सांभाळणार? जागा, वीज, माणसं, सगळंच लागतं. त्यापेक्षा बी गोठवून ठेवलं तर एका डब्यात अख्ख्या डोंगराचा वारसा मावतो. मी म्हटलं, मग हिरव्या शेंगेतलं थोडं फ्रीजरात टाकूया. तर नाही. कच्चं बी वाळवलं की मरतं, आणि न वाळवता गोठवलं तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फुटतात. वाळवण सोसायची ताकद बियात अगदी शेवटी येते, शेंग पिवळी पडायला लागते तेव्हा. म्हणजे बाटलीला शेंग हिरवी हवी आणि फ्रीजरला पिकलेली. दिवाळीच्या सुमारास आपण ती हिरवी कापली की साठवणुकीचं बी गेलं. पिकू दिली, तर एक दिवस चुकला की शेंग तडकून वाऱ्यावर. शिवाय पिकलेल्या बियांचा पापुद्रा पाणी झटकतो, तो ब्लीचने मऊ केल्याशिवाय त्या रुजायला मागत नाहीत.

एका झाडावर शेंगा चार, त्यांतल्या मामांनी ‘झाडाक’ म्हणून राखून ठेवलेल्या वेगळ्या. उरलेल्यांतली कुठली हिरवी कापायची, कुठलीला कागदी पिशवी बांधून थांबायचं, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी बँकेत कर्जमंजुरीवरही होत नसे.

वाळवण उन्हात नाही, सिलिका जेलच्या बंद भांड्यात. ब्रिटनमधल्या क्यू उद्यानाच्या मिलेनियम सीड बँकेत यासाठी १५ अंश तापमानाची आणि १५ टक्के आर्द्रतेची खोली आहे. आषाढातल्या कोल्हापुरात १५ टक्के आर्द्रता! कागदाची पुडी हातात धरली तरी मऊ पडते. म्हणून वाळलं की लगेच काचेच्या कुपीत, बूच घट्ट, आणि उणे २० अंशांना. क्यूच्या पुढाकाराने २००७ मध्ये खास ऑर्किडच्या बियांसाठी देशोदेशीच्या संस्थांचं जाळं उभं राहिलं, त्याचीही रीत साधारण हीच. त्याहून थंड म्हणजे द्रव नायट्रोजन, उणे १९६. दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्युरोत तशी साठवण आहे. आमच्याकडे एक फ्रीजर आणि एक इन्व्हर्टर.

एवढं करूनही बी कायम टिकतं असं नाही. काही जातींचं वर्षानुवर्षं तग धरतं, काहींचं गोठवूनही लवकर संपतं. म्हणून मधूनमधून चिमूटभर काढून तपासायचं. आमच्या शाखेत नोव्हेंबर आला की पेन्शनवाले हयातीचा दाखला घेऊन रांगेत उभे राहायचे, हे तसंच. टेट्राझोलियम नावाच्या द्रावणात बी अंधारात ठेवायचं. गर्भ जिवंत असेल तर त्याच्या श्वसनातून त्या द्रावणाचा लाल रंग होतो, मेलेला पांढराच राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली जाळीदार पापुद्र्यात एकेक लाल ठिपका दिसायला लागला की मोजतच राहावंसं वाटतं. दोन गोष्टी मात्र बोचतात. लाल झालेलं बी पुढे पेरता येत नाही. आणि लाल झालं म्हणजे ते रुजलंच असतं असंही नाही, त्याची खात्री पेरल्यावरच.

हे सगळं चालू असताना मॅडमचं पहिल्या दिवसाचं वाक्य हळूहळू उलगडलं. तुकड्यापासून झाडं करता येतातच. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने १९६० मध्ये सिंबिडियमच्या कोंबाचं टोक, सुईच्या अग्राएवढं, कापून विषाणूमुक्त रोपं कशी करायची ते मांडलं, आणि ऑर्किडचा बाजारच पालटला. आज लग्नाच्या हॉलमध्ये कमानीवर जी थायलंडची डेंड्रोबियमं दिसतात, ती एकसारखी असतात त्याचं मूळ तिथे. बाजाराला सारखेपणा हवा आणि तो रास्त आहे. केळीच्या मळ्यालाही हवा. पण घाटात एखाद्या वर्षी पाऊस लांबला, किंवा एखादा रोग आला, तर सारखी झाडं एकदमच जातात. बियांमधून आलेली भावंडं सारखी नसतात, कुणी तरी तगतं. माझ्या सासरच्यांचं जे कौतुक तेच इथलं भय, हे मला फार उशिरा कळलं. जातीचं एकच झाड उरलं असेल तर तुकडाच घ्यावा लागेल, ती नाइलाजाची गोष्ट.

आणि बी वापरलं म्हणून आपोआप विविधता येते असंही नाही. एका शेंगेतून हजारो रोपं निघतात, आई एक, बाप एक. बाटल्यांनी कपाट भरलं की वाटतं केवढं काम झालं! प्रत्यक्षात ते एका घरचं कुटुंब असतं. म्हणून चिठ्ठी. बाटलीवर फक्त जातीचं नाव आणि पेरल्याची तारीख लिहायची पद्धत मी हट्टाने बदलायला लावली. कुठल्या बागेतलं कुठलं झाड, आई, बाप, शेंग, बाटली, विरळणी केलेली बाटली, सगळं एका खतावणीत. मुलं हसतात. पण बिनचिठ्ठीची बाटली माझ्या लेखी बेनामी ठेव आहे, तिच्यातलं रोप रानात पाठवायला मी सही करणार नाही.

बाटलीतून बाहेर काढणं हा वेगळाच घोर. आतल्या दमट हवेत वाढलेल्या पानांवर मेणाचा थर नीट नसतो, बाहेरचं वारं लागलं की ती माना टाकतात. मुळांचं आगर पाण्याखाली पूर्ण धुवायचं, नाहीतर उरलेल्या साखरेवर बुरशी चढते. मग विटांचे तुकडे, कोळसा, नारळाची सोडणं, वर शेडनेट. गोगलगायींना कोवळ्या मुळांची टोकं फार आवडतात. रात्री बॅटरी घेऊन त्या वेचायचं काम कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही, पण आमच्याकडे त्याचीच पाळी लावलेली असते.

रानात परत लावण्याचे दाखले आहेत. केरळात इप्सिया मलबारिका ही पश्चिम घाटातली दुर्मीळ जात बाटलीत वाढवून पुन्हा रानात लावली गेली. सिंगापूरच्या बॉटॅनिक गार्डनने १९९५ पासून तिथली मूळची ऑर्किडं रुजवायला घेतली आणि पुढे ती चक्क रस्त्याकडेच्या झाडांवर बांधली. त्यांत ग्रॅमॅटोफायलम हे जगातल्या सर्वांत मोठ्या ऑर्किडांपैकी एक आहे. पण बांधलेलं झाड जगलं, फुललं, म्हणजे काम संपलं असं मला वाटत नाही. त्याच्या बिया त्याच फांदीवर रुजल्या पाहिजेत, आणि तिथे साखरेची बाटली नाही, बुरशीच लागणार. म्हणून आम्ही रोपं जिथे आधीपासून वेण्या आहेत त्याच झाडांवर, शक्यतो त्यांच्या मुळांच्या जवळ, काथ्याने बांधतो. पाऊस नुकता सुरू झालेला असताना. क्यूच्या शास्त्रज्ञांनी २००० मध्ये एका युरोपीय ऑर्किडचं बी आणि त्याची बुरशी एकाच जेलच्या मण्यात घालून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवून दाखवली होती. हे ऐकल्यापासून माझा हेका सुरू आहे की आपल्या वेणीची बुरशीही मुळांतून वेगळी काढून जपली पाहिजे. मॅडम म्हणतात, “आधी तुमची खतावणी संपवा.”

ओळखीतले लोक गॅलरीसाठी रोप मागतात. देता येण्याजोगी रोपं असतात, आणि लॅबमधलं रोप स्वस्तात मिळालं तर रानातून ओरबाडणं कमी होईल, हे मला पटतं. नर्सरीवाल्याच्या टोपलीत खरवडून आणलेल्या वेण्या मी पाहिल्या आहेत, मुळं तुटलेल्या, महिनाभरात मरणाऱ्या. पण कुडाळची रोपं कुडाळलाच जातील, राधानगरीला नाही, यावर मी अडून असते. तिथल्या वेण्या तिथल्या पावसाला सरावलेल्या आहेत. त्यांच्यात आपण भेसळ का करायची?

सध्या वाद आहे तो कुप्यांचा. सगळं बी एका फ्रीजरात ठेवू नये, दुसरा संच दुसऱ्या गावी असावा, हे तत्त्व सगळ्यांना मान्य आहे. मामा म्हणतात, त्यांच्या घरी मोठा फ्रीजर आहे. त्यात बांगडे असतात आणि तो दिवसातून दहादा उघडतो, असं त्यांची सूनच सांगते. मी रावेरचं नाव सुचवलंय. तिथे उन्हाळ्यात वीज किती तास जाते याची माहिती पुतण्याकडून मागवली आहे, ती अजून आलेली नाही.